बॅटरी ६० वर अडकली म्हणजे गेली असं नाही

प्रश्न : सर, माझा लॅपटॉप साडेतीन वर्षं जुना आहे, घरूनच काम करते त्यामुळे चार्जर सकाळी लावला की रात्रीच काढते. आठवडा झाला बॅटरी ६० च्या पुढे जातच नाहीये, खाली ‘प्लग्ड इन, नॉट चार्जिंग’ येतं. दुकानवाला फोनवरच म्हणाला बॅटरी गेली, ४ हजार लागतील. दुपारी लाइट जाते तेव्हा दोन तास मात्र चालतो. बदलून टाकू का? – एक वाचक, अकोला

उत्तर : ताई, ४ हजार राहू द्या पर्समध्येच. लाइट गेल्यावर ६० टक्क्यांवर जी दोन तास काढते ती बॅटरी गेलेली कशी? गेलेली बॅटरी बरेचदा १०० दाखवते आणि प्लग काढला की दहा मिनिटांत मान टाकते. बरोब्बर ६० किंवा ८० ला थांबणं म्हणजे नव्वद टक्के वेळा सेटिंगच, असा माझा तरी अनुभव. लेनोवो असेल तर व्हँटेज अ‍ॅपमध्ये कॉन्झर्वेशन मोड बघा, आसूस असेल तर मायआसूस अ‍ॅपमध्ये बॅटरीचं पान, बाकी कंपन्यांचंही असंच कुठेतरी लपलेलं असतं, कधी बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना उघडता येतं ते सेटिंगचं पान). हे चालू कोणी केलं याचा पत्ता सहसा लागत नाही (आमच्याकडे भाच्याने केलं होतं, दोन दिवस कबूलच करेना).

आणि खरं सांगू का, तुमच्यासाठी ते सेटिंग चांगलंच आहे. लिथियम-आयनचा सेल फुल म्हणजे साधारण ४.२ व्होल्ट, तेवढ्यावर तो सतत ताणलेला राहिला आणि वरून गरम झाला की लवकर म्हातारा होतो, त्यात तुमचा अकोल्याचा मे महिना. लाइटचा प्रॉब्लेम आहे म्हणून ८० चा ऑप्शन मिळाला तर तो ठेवा, पण १०० चा हट्ट नको.

सेटिंग बंद असूनही ६० वरच असेल तर लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा आणि मग लावून बघा. तरी नाही झालं तर कमांड प्रॉम्प्टमध्ये (विंडोजमधली कमांड टाइप करायची खिडकी) पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश, बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत टाइप करा, एक फाइल बनते आणि ती कुठे ठेवली तेही खाली लिहून येतं. त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे असतात. समजा पहिला ४५,००० आणि दुसरा ३६,००० असेल तर बॅटरी ८० टक्के शाबूत आहे, साडेतीन वर्षांच्या मानाने झकास. दुसरा निम्म्याच्या खाली गेला असेल तर मात्र दुकानवाल्याचं खरं.

प्रश्न : मुलगा हॉस्टेलवर आहे, लॅपटॉप टाइप-सी चा. मोबाइलचा चार्जर लावला तर चार्जिंगचं चिन्ह येतं पण टक्के कमीच होत जातात. – रत्नागिरी

उत्तर : पिन बसली म्हणजे पॉवर पुरली असं नसतं. लॅपटॉपला बहुतेक ६५ वॉट लागतात, म्हणजे २० व्होल्ट आणि सव्वातीन अँपियर, मोबाइलचा चार्जर १८ वॉटचा असेल तर तांब्याने हौद भरण्यातला प्रकार. ६५ वॉटचा, पीडी (पॉवर डिलिव्हरी) लिहिलेला चार्जर घ्या आणि केबलही तेवढ्या ताकदीची, केबलमध्ये पैसे वाचवायला गेलात तर परत तेच.

प्रश्न : चार्ज होत नाही आणि टचपॅड डाव्या बाजूने उचललाय, क्लिकच होत नाही. काहीतरी अडकलंय का? – सोलापूर

उत्तर : काही अडकलेलं नाही, आतली बॅटरी फुगलीये. आत्ताच बंद करा, चार्जर काढा आणि परत लावू नका. टचपॅड दाबून खाली बसवायला जाऊ नका, घरी स्क्रू तर अजिबात उघडू नका, चांगल्या रिपेअरवाल्याकडे न्या आणि तोपर्यंत गादीवर किंवा कपाटात न ठेवता मोकळ्या फरशीवर ठेवा. जुनी बॅटरी ई-कचऱ्यातच द्या, घंटागाडीत टाकली तर कचरा दाबताना ती पेट घेऊ शकते.