जुन्या मिनी ट्रॅक्टरचं इंजिन करायचं की नवा घ्यायचा? आधी बोजा उतरलाय का ते बघा

दादा, तुमच्या पोस्टमधल्या एका वाक्यावर अडकलो. "कर्ज मागच्याच वर्षी फिटलंय, कागदाचं टेन्शन नाही." तुमचा प्रश्न असा: द्राक्षबागेतला १८ एचपीचा टू-व्हील (फक्त मागच्या चाकांना पॉवर) मिनी ट्रॅक्टर, २०१४ चं मॉडेल, ३,८०० तास चाललेला. मिस्त्री म्हणतो बोअरचं काम (इंजिन खोलून सिलिंडर-रिंग नवं करणं) काढा. डीलर म्हणतो एक्स्चेंजला देऊन २४-२७ एचपीचा फोर-व्हील घ्या. बाग तीनाची पाच एकर होतेय आणि ६०० लिटरचा ब्लोअर (पंख्याने औषध फवारणारं यंत्र) घ्यायचाय. त्याचं उत्तर खाली देतो. पण तुम्ही जिथे निर्धास्त आहात, नेमका तिथेच माझा सगळ्यात जास्त पैसा आणि एक आख्खी गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी, म्हणजे तो हंगाम) गेली. म्हणून आधी ते.

हप्ते संपले म्हणजे बोजा उतरला असं होत नाही. तो दोन ठिकाणी बसलेला असतो. एक आरसीवर (ट्रॅक्टरच्या नोंदणी पुस्तकावर), फायनान्सवाल्याच्या नावाने. दुसरा, जमीन तारण दिली असेल तर सातबाऱ्याच्या इतर हक्कात. दोन्ही आपोआप कमी होत नाहीत. आरसीसाठी फायनान्सची एनओसी आणि दोघांच्या सह्यांचा फॉर्म ३५ आरटीओत द्यावा लागतो. सातबाऱ्यासाठी बेबाकी दाखला (कर्ज पूर्ण फिटल्याचा) घेऊन तलाठ्याकडे किंवा ई-हक्क पोर्टलवर अर्ज, मग फेरफार. बहुतेक फायनान्सवाले एनओसीवर तीन महिन्यांची मुदत टाकतात. मागच्या वर्षीचा कागद कपाटात असेल तर तो आज बहुधा उपयोगाचा नाही.

आणि एनओसी हातात आली की तिथेच, काउंटरसमोर उभं राहून, चेसिस नंबर एकेक अक्षर मोठ्याने वाचून आरसीशी ताडा. मी ते केलं नाही. चेसिस नंबरात आठाच्या जागी इंग्रजी बी पडला होता. शाखा म्हणे दुरुस्ती मुख्य कार्यालयातून येईल, मुख्य कार्यालय म्हणे शाखेचा मेल आल्याशिवाय हात लावता येत नाही. चूक त्यांची, खेटे आपले, आणि तेवढ्यात मुदत संपली की पुन्हा पहिल्यापासून अर्ज. ज्याने शेवटचा हप्ता वेळेवर भरला त्याला असं दारात उभं करणं मला आजही पटत नाही. ट्रॅक्टरवरचा नंबरही बघून घ्या. बोर्डोच्या (मोरचूद-चुन्याच्या फवारणीच्या) निळ्या थराखाली तो दिसत नाही. डिझेलच्या फडक्याने पुसा, तारेच्या ब्रशने घासू नका. खोदलेली अक्षरं झिजली तर तपासणीला नवाच वाद.

हे झाल्याशिवाय ट्रॅक्टर विकायचा की ठेवायचा हा प्रश्नच उभा राहत नाही. बोजा असलेल्या गाडीला डीलर किंमत पाडूनच मागतो. वर "कागद नंतर बघू, ट्रॅक्टर आजच लावा" म्हणाला तर देऊ नका. आरटीओच्या नोंदीत नाव तुमचं असेल तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केलंय. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या अधिकृत डीलरकडे गाडी सोपवल्याची सूचना फॉर्म २९ सी ने देता येते. तुमचा डीलर त्या नोंदणीतला आहे का ते विचारा. (मी वकील नाही, शिवाय प्रत्येक आरटीओची कामाची पद्धत थोडी वेगळी असते. तुमच्या इथे एकदा खात्री करा.)

आता इंजिन. मिस्त्रीने कशावरून बोअर सांगितलं? नुसता धूर बघून सांगितलं असेल तर थांबा. काळा धूर एअर फिल्टर, इंजिनचं डिझेल नोझल किंवा जास्त लोडचा असतो. निळसर धूर आणि ऑइल कमी होत असेल तर रिंग-बोअरकडे बघायचं. आधी एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, टॅपेट, नोझलचं प्रेशर आणि रेडिएटर एवढं करून घ्या. मग ही चाचणी लावा.

लेझर टॅकोमीटर (फेरे मोजायचं यंत्र) घ्या, साधा चालतो. इंजिन बंद असताना पीटीओच्या (ब्लोअरला पॉवर देणाऱ्या मागच्या शाफ्टच्या) फिरत्या भागावर चमकणारी पट्टी चिकटवा. ब्लोअर पाण्याने पूर्ण भरा, पंखा तुम्ही रोज वापरता त्याच गिअरमध्ये, पंपाचं प्रेशरही रोजचंच. ट्रॅक्टर उभा ठेवून थ्रॉटल ५४० च्या (पीटीओचे मिनिटाला ५४० फेरे) खुणेवर आणा आणि दहा मिनिटं चालू द्या. उपरणं, सैल बाही, काही जवळ नको, आणि शाफ्टला ओलांडून जाऊ नका. ५४० मिळाला आणि गरम झाल्यावरही टिकला तर इंजिनात जीव आहे, बोअर काढू नका. इंजिनचा आरपीएम टिकून पीटीओचा पडला तर क्लच प्लेट घसरतेय. दोन्ही पडले तर इंजिन कमी पडतंय. तेव्हाच कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघा. सिलिंडरांमध्ये दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक म्हणजे काम आहे. कमी असलेल्यात थोडं ऑइल टाकून पुन्हा मोजा. वाढलं तर रिंग, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह. व्हॉल्व्हचं काम हेड उतरवून होतं, त्यासाठी आख्खं इंजिन खोलू देऊ नका.

या आकड्यावर मी इतका जोर देतो कारण पंख्याला लागणारी ताकद वेगाच्या घनाने बदलते. ५४० चा ४८० झाला तर हवा ११ टक्के कमी, पण पंख्याकडे पोचणारी ताकद जवळपास ३० टक्के कमी. बाहेरून फवारणी झाल्यासारखीच दिसते. पानाची खालची बाजू मात्र कोरडी राहते आणि डाऊनी (केवडा रोग) तिथूनच सुरू होतो. मग औषधाला दोष देत आणखी दोन फवारण्या होतात.

बोअर नवं केलं तरी १८ एचपी हा १८च राहतो. पीटीओला त्याहून कमी मिळतो. ६०० लिटर पाणी म्हणजे ६०० किलो, वर ब्लोअरचं वजन. हे सगळं मिळून मिनीच्या स्वतःच्या वजनाच्या आसपास जातं. काळ्या मातीत, पाऊस उघडल्यावर, टू-व्हीलने हे ओढणं म्हणजे चाकं रुतणार आणि ओळीत खड्डे पडणार. टू-व्हीलला मागाहून फोर-व्हील करून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. पुढच्या अ‍ॅक्सलला गिअरबॉक्समधून वेगळी पॉवर काढावी लागते, ते घरगुती काम नाही.

माझं मत, चुकीचं वाटलं तर सांगा: पाच एकर आणि ६०० लिटर नक्की असेल तर नवा घ्या, पण एचपीसाठी नाही. पोंगा ते फुलोरा (कोंब फुटण्यापासून फुलं येईपर्यंत) या काळात पाऊस झाल्यावर बागेत किती लवकर शिरता येतं, त्यासाठी फोर-व्हील घ्यायचा. ९ फुटी ओळींत एकराला साधारण १,४८० मीटर चाल होते. ताशी ४ किलोमीटरने (५० मीटरला ४५ सेकंद) २२ मिनिटं. पाच एकराला वळणं आणि पाणी भरणं धरून अडीच तास सहज. एका सकाळीत बाग संपते, हा त्यातला मोठा फायदा.

तीन एकरच राहणार असतील तर मात्र छोटा ब्लोअर ठेवा आणि जुनाच चालवा. दुरुस्तीचं एस्टिमेट पार्टवार, लेखी घ्या. ते आज बाजारात ट्रॅक्टर आहे त्या स्थितीत मिळणाऱ्या किमतीच्या निम्म्यावर गेलं तर काम काढू नका. धरा, दीड लाखाचा ट्रॅक्टर आणि ९० हजारांचं काम, तर नको. ४० हजारांत नोझल, हेड, क्लच होत असेल तर बिनधास्त करा. नोंदणीची १५ वर्षं तुमची २०२९ ला भरतील, हेही हिशोबात धरा.

डेमो तुमच्याच बागेत मागा. भरलेल्या ब्लोअरसह, तारेचे अँकर असलेल्या शेवटच्या वळणावर. फोर-व्हीलचा वळणाचा घेर मोठा असतो, शोरूमच्या अंगणात ते कळत नाही. रुंदी टायरच्या बाहेरच्या कडेपासून मोजा, आणि ओलांड्यांच्या (वेलीच्या आडव्या फांद्यांच्या) उंचीवर मडगार्ड घासतं का तेही बघा. पुढे टायर बदलताना कंपनीने दिलेलाच साइज ठेवा. पुढच्या-मागच्या टायरांचं गुणोत्तर बिघडलं की फोर-व्हील लावल्यावर पुढचे गिअर ताणले जातात.

अनुदान हवं असेल तर महाडीबीटीवर आधी अर्ज, पूर्वसंमती आली की मगच बिल. आधी बिल फाडलं तर अनुदान गेलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, ट्रॅक्टरच्या टायरवरचाही १८ वरून ५. त्यामुळे त्याआधीचं कोटेशन धरून बसू नका. नवे स्वस्त झाल्यावर जुन्याचा भावही थोडा उतरणार, डीलरशी घासाघीस करताना तो हे बोलेलच.

आणि जुना ठेवा की विका, रेडिएटर फवारणीनंतर रोज पंख्याच्या बाजूने बाहेर हवा मारून साफ करा. ताम्रयुक्त औषधाचा थर जाळीत बसतो, अ‍ॅल्युमिनियमच्या पाकळ्या खातो, आणि तापलेल्या इंजिनाला लोक बोअर गेलं म्हणतात.

आरसीचा बोजा उतरलाय का आणि ब्लोअर भरून पीटीओचा आकडा किती येतो, एवढं दोन्ही इथे टाका. सोबत मिस्त्रीच्या एस्टिमेटचा फोटोही द्या, कुठला पार्ट उगाच घातलाय ते बघून सांगतो.