चित्रपटातल्या वस्तूंच्या प्रतिकृती घरात कशा मांडाव्यात, म्हणजे घर खेळण्यांचं दुकान वाटणार नाही?

‘खेळण्यांचं दुकान’ हे शब्द तुमचे नसावेत, घरातल्या कुणीतरी ऐकवलेले असणार. आमच्याकडे ते मोठे काका ऐकवतात, म्हणून लिहायला बसलो.

आधी सरळ उत्तर. हॉलमध्येच मांडा. आतल्या खोलीत, कपाटाच्या डोक्यावर, दिवाणाच्या खणात अजिबात नाही. आपण वस्तू लपवली की बघणाऱ्यालाही ती लपवण्याच्या लायकीची वाटते. आणि एका फळीवर तीन-चारच ठेवा. दुकान वाटतं ते गर्दीमुळे. बाकीच्या गुंडाळून आत ठेवायच्या आणि मधूनमधून बदलायच्या.

आता काकांचं. आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. काका जुनी नाणी जमवतात, त्यात बाबाशाही, म्हणजे जुन्या बडोदा संस्थानचे, रुपये पुष्कळ. संग्रह देखणा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण गणपतीत सगळे जमले की आरतीनंतर त्यांचं ठरलेलं वाक्य येतं: “माझ्याकडचं खरं, याच्याकडचं सगळं खोटं.” भाचे-पुतणे हसतात, आई प्रसाद वाटायला लागते, विषय तिथेच राहतो.

धाकट्या बहिणीला बघायला पाहुणे येणार होते, तेव्हा काकांनी बाबांना फोन करून सांगितलं की हॉलमधलं काचेचं कपाट रिकामं करा, मुलाकडचे काय म्हणतील. बाबा तयारही झाले. आईने मधला मार्ग काढला, कपाटावर पडदा टाकू. मी दोन्हीला नाही म्हणालो. बहीण माझ्या बाजूने होती, म्हणूनच ते टिकलं. पाहुणे येईपर्यंत घरात माझ्याशी कुणी धड बोलत नव्हतं.

पाहुणे आले. मुलाचे वडील पोह्यांची बशी घेऊन सरळ कपाटापाशी गेले. मधल्या फळीवर ‘स्टार वॉर्स’च्या पहिल्या, १९७७च्या चित्रपटातल्या लाइटसेबरची, म्हणजे प्रकाशाच्या पात्याच्या तलवारीची, मूठ आहे. ती मी मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका लेथवाल्याकडून पितळी नळी कातून करून घेतली, वर क्रोम चढवलं, पकडीच्या काळ्या पट्ट्या स्वतः बसवल्या. ते गृहस्थ वाकून बघत राहिले आणि म्हणाले, “अहो, हे तर फ्लॅशगनचं हँडल आहे!” पूर्वी त्यांचा फोटो स्टुडिओ होता.

शंभर टक्के बरोबर. त्या चित्रपटाची सेटसजावट करणाऱ्या रॉजर क्रिश्चन यांना लंडनमधल्या एका कॅमेऱ्याच्या दुकानात ग्राफ्लेक्स या कॅमेरा कंपनीच्या जुन्या फ्लॅशचे दांडे सापडले. त्यांनी त्यावर पट्ट्या चिकटवल्या, क्लॅम्पच्या खाचेत कॅल्क्युलेटरच्या आकड्यांवरची फुगीर पारदर्शक पट्टी सरकवली, कमरेला अडकवायला कडी लावली. झाली तलवार. पुढे त्या चित्रपटाच्या कलादिग्दर्शनाला ऑस्कर मिळालं, ते घेणाऱ्यांत क्रिश्चनही होते. मी कपाट उघडून मूठ पाहुण्यांच्या हातात दिली. त्यांचा अंगठा आपसूक बाजूच्या लाल बटणावर गेला. मूळ दांड्यावर फ्लॅश त्याच बटणाने उडायचा.

काका समोरच्या खुर्चीत बसून हे सगळं बघत होते. स्थळ जमलं नाही, ते मुलाच्या बदलीच्या नोकरीमुळे. काकांनी मात्र कपाटावर खापर फोडलं आणि अजून फोडतात.

म्हणून इथे लिहून ठेवतो. चित्रपटातली ‘मूळ’ वस्तू तरी कुठे खरी असते? ती कॅमेऱ्याला फसवण्यासाठीच बनवलेली असते. १९४१च्या ‘द माल्टीज फाल्कन’मधला शिशाचा काळा ससाणा २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ४० लाख डॉलरच्या वर गेला, आणि त्या गोष्टीतसुद्धा तो शेवटी नकलीच निघतो! नाण्याची नक्कल ही फसवणूक असते, कारण नाण्याची किंमत त्याच्या खरेपणात आहे. चित्रपटातल्या वस्तूची किंमत ती कशी दिसते आणि कुणी कशातून घडवली, यात आहे. तेवढं हुबेहूब साधणं हे कारागिराचं काम आहे. राजवाड्याच्या आवारातल्या फतेहसिंह संग्रहालयात राफाएल, तिशियन यांच्या चित्रांच्या नकला आहेत, तिथे काका पाहुण्यांना स्वतः घेऊन जातात. दादासाहेब फाळके ज्या गावच्या कलाभवनात शिकले, त्या गावच्या माणसाने पुठ्ठा-प्लास्टरच्या कामाला कमी लेखू नये.

एक अट मात्र पाळा. प्रत्येक वस्तूखाली छोटी पाटी लावा: चित्रपट, वर्ष, कशाची बनवली, कुणी बनवली, आणि ‘प्रतिकृती’ हा शब्द ठळक. प्रतिकृती मूळ म्हणून खपवणाऱ्यांनी आपल्यासारख्यांची नावं खराब केली आहेत.

उजेडाचं म्हणाल तर पश्चिमेच्या खिडकीसमोर कपाट नको. उन्हाने रेझिन (साच्यात ओतायचं प्लास्टिक) पिवळं पडतं, रंग उडतो. १९३९च्या ‘द विझर्ड ऑफ ऑझ’मधल्या लाल चमकीच्या बुटांचा एक जोड अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे १९७९पासून आहे. त्या टिकल्या जिलेटिनच्या आहेत, त्यामुळे तो जोड मंद उजेडात जपून ठेवावा लागतो. आपल्या घरी वॉर्म व्हाइट एलईडी पट्टी पुरते, फक्त तिचा ड्रायव्हर, म्हणजे तिला वीज पुरवणारा डबा, कपाटाच्या बाहेर बसवा, नाहीतर बंद काचेच्या आत ऊब साचते. उजेड वरून एकटा सोडू नका, सावल्या पडून तपशील जातो. पुढच्या कडेने पट्टी घ्या. ॲक्रिलिकपेक्षा काच बरी, ॲक्रिलिक धूळ ओढतं आणि पुसताना चरे पडतात.

दिवे लागणाऱ्या वस्तूंतले सेल काढून ठेवा, गळले तर आतले पत्रे खातात. आणि आपल्या घरांतली सवय म्हणून कपाटात डांबराच्या गोळ्या टाकू नका, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिकं मऊ पडतात. पावसाळ्यासाठी सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. आतले निळे दाणे गुलाबी झाले की पुडी बदला.

हे सगळं धातू, रेझिन आणि कडक प्लास्टिकबद्दल. लेटेक्सचे मुखवटे कितीही जपले तरी कालांतराने तडकतात आणि भुगा होतो, तेव्हा त्यांत मोठी रक्कम घालू नका. तलवारी बिनधारेच्याच घ्या आणि भिंतीवर लावायच्या तर रावळ प्लग मारून, लहान मुलांच्या हाताच्या वर. पिस्तुलांच्या प्रतिकृती खिडकीतून रस्त्यावरून दिसतील अशा ठेवू नका, उगाच पोलीस दारात येतील.

तुम्ही गाव सांगितलेलं नाही. नदीजवळ तळमजल्यावर राहत असाल तर सर्वांत खालची फळी मोकळीच ठेवा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी इथल्या कितीतरी घरांत शिरलं. आम्ही पहिल्या मजल्यावर असल्याने वाचलो, पण तेव्हा काकांच्या नाण्यांचे अल्बम आमच्याच हॉलमध्ये, त्याच कपाटाच्या वर आणून ठेवले होते.