दुसरी बादली उघडू नका

समुद्री मत्स्यालयाचं पाणी बनवायचं नवीन सॉल्ट मिक्स वापरलं आणि टँकमधले कोरल (प्रवाळ) गेले, दुकानदार म्हणतो उघडलेली बादली परत घेत नाही, कंपनी म्हणते चूक तुमची, आता काय करू, असे प्रश्न मला सारखे येतात आणि बहुतेकांना मी काहीच मदत करू शकत नाही, कारण पुरावा त्यांनी स्वतःच गटारात ओतलेला असतो. तुमच्या पत्रात एक ओळ वेगळी आहे आणि तीच तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलीत: त्याच बॅचची दुसरी बादली सीलबंद पडलीये, ती उघडून घरीच टेस्ट करू का?

नाही. सीलला हातसुद्धा लावू नका.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चं कलम ३८ बघा. मालातला दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर ग्राहक आयोग तक्रारदाराकडून नमुना घेतो, त्यावर स्वतःचं सील लावतो आणि सरकारमान्य प्रयोगशाळेत पाठवतो, अहवालासाठी ४५ दिवसांची मुदत असते आणि फी आधी तुम्हालाच भरावी लागते. तुमचं सगळं प्रकरण या नमुन्यावर उभं आहे. पहिल्या बादलीचा तुम्ही पाठवलेला फोटो पाहिला: आतली पिशवी नुसती मुरगळून ठेवलीये, कडेला ओले गठ्ठे झालेत आणि मधे चमच्याने खणल्याचा खड्डा. सॉल्ट हवेतलं पाणी ओढतं, ओलं झालं की कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना धरून बसतात आणि मग पाण्यात नीट उतरत नाहीत. शिवाय वाहतुकीत हलून बारीक आणि जाड दाणे वेगळे होतात, त्यामुळे वरून घेतलेला कपभर सॉल्ट म्हणजे अख्खी बादली नव्हे. समोरचा वकील या दोनच गोष्टी बोलेल आणि तुमच्याकडे उत्तर नसेल. पूर्ण, सीलबंद, त्याच बॅचची बादली असेल तर त्याचे दोन्ही मुद्दे गळून पडतात. तेव्हा ती कोरड्या जागी ठेवा, बॅच नंबर, सील आणि एक्स्पायरी असेल तर तिचेही फोटो काढा, वजन करून लिहून ठेवा. आयसीपी रिपोर्ट (पाण्याच्या प्रयोगशाळेतल्या तपासणीचा) हाताशी आहे म्हणता, असू दे, पण आयसीपी मूलद्रव्यं मोजतं, अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल झेलण्याची क्षमता, त्यात थेट येत नाही, आणि तुमचं भांडण अल्कलिनिटीचंच आहे.

आता तुमच्या आकड्यांकडे येते, कारण इथे तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय. तुम्ही लिहिलंय की लेबलवर कॅल्शियम ४३० पीपीएम आणि टेस्टमध्ये ३८० आलं म्हणजे फसवणूक. अहो, लेबलवरचे आकडे ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार) क्षारतेचे असतात, तसं त्याखाली बारीक अक्षरात छापलंय, तुमच्याच फोटोत दिसतंय. तुम्ही सॉल्ट कालवलं १.०२३ सापेक्ष घनतेला, म्हणजे साधारण ३० ते ३१ पीपीटी. त्या हिशोबाने कॅल्शियम ३७५ च्या आसपासच यायला हवं होतं. ही तक्रार सोडून द्या, नाहीतर पहिल्याच तारखेला तुमच्या बाकीच्या म्हणण्यावरचाही विश्वास उडेल. अल्कलिनिटीचं मात्र उलटं आहे: लेबलवर ८ ते ९ डीकेएच (अल्कलिनिटी मोजायचं एकक) आणि तुम्हाला एवढ्या पातळ पाण्यात ११.८ मिळाली, म्हणजे ३५ पीपीटीला ती १३ च्या वर जाते. टेस्ट किट बरोबर असेल तर हा फरक लहान नाही आणि तो तुमच्या बाजूचा आहे.

पण नवीन ब्रँड, एकदाही न तपासता, पहिल्याच दिवशी ४० टक्के वॉटर चेंज, म्हणजे टँकमधलं तेवढं पाणी बदलून टाकलं? टँक ८ डीकेएचवर होता, एका दुपारीत तो ९.५ वर गेला, असा झटका ॲक्रोपोरा या कोरलला सहन होत नाही हे तुम्हालाही माहीत होतं असं तुमच्या पत्रावरूनच दिसतं. चुकीचा वापर केला असा बचाव विक्रेत्याला कलम ८७ देतं. तो टिकेल का हे लेबलवर वापराआधी तपासून घ्या असं स्पष्ट लिहिलंय की नाही यावर बरंच ठरेल, पुरेशा सूचना नसतील तर उत्पादकाची जबाबदारी येऊ शकते. भरपाई पूर्ण मिळेल की कापून, हे आज कोणी सांगू शकणार नाही.

उशिराबद्दल. खरेदीला १९ महिने झाले. कलम ६९ ची मुदत दोन वर्षांची, आणि कंपनीशी ईमेलवर चाललेल्या चर्चेने ती थांबत नाही. मुदत कोरल गेले त्या दिवसापासून मोजा असा युक्तिवाद करता येईल, पण त्यावर विसंबू नका, बिलाच्या तारखेपासून धरा. तुमच्याकडे पाच महिने आहेत, त्यातले १५ दिवस नोटिशीला द्या. नोटीस विक्रेता, उत्पादक आणि आयातदार असेल तर त्यालाही, आणि तिच्यात त्या बॅचचा तपासणी अहवाल मागा. तपासणी लागणाऱ्या तक्रारी पाच महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न करावा असं कायद्यात आहे, प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात आणि तेवढ्यात बादलीची एक्स्पायरी उलटून जाते, मला याची खरंच चीड येते. म्हणून नमुना पाठवण्याचा अर्ज तक्रारीसोबतच दाखल करा, पुढच्या तारखेची वाट बघू नका.

एक गोष्ट मात्र दाखल करण्याआधी. मेलेल्या कोरलची यादी तुम्ही शपथेवर देणार आहात. दगडी कोरल सगळेच साइटीस या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट दोनमध्ये आहेत आणि आपला वन्यजीव कायदाही त्यांच्या बाबतीत कडक आहे. ॲक्रोपोरा कुठून आले, कागद काय आहेत, हे वकिलासमोर बसून आधी दाखवा. कागद नसतील तर यादी तशीच टाकू नका.

पुढे कोणतं सॉल्ट घ्यावं हेही विचारलंत. टँक ज्या अल्कलिनिटीवर ठेवता तिच्या जवळचं घ्या, ११-१२ वाली मिक्स ८ च्या टँकसाठी नकोच. बादली उघडायच्या आधी आडवी करून चांगली लोळवा, रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं उपकरण) ३५ पीपीटीच्या द्रावणावर सेट करा, नुसत्या आरओ पाण्यावर नको, पहिला वॉटर चेंज १० टक्क्यांचा करा आणि प्रत्येक बादलीचा बॅच नंबर बिलावर लिहून घ्या. तुमच्या जुन्या बिलावर तो नाहीये, त्यामुळे दोन्ही बादल्या एकाच खरेदीतल्या आहेत हे दाखवायला डिलिव्हरीचा मेसेज शोधून ठेवा.