अंजन की धामण? माळरानाच्या गवतावर वाचकांचे प्रश्न

बांधावर दोन सारखी दिसणारी गवतं आहेत. शेजारी दोन्हींना अंजनच म्हणतात. फरक कसा ओळखायचा? (मोहोळ)

तुरे आल्याशिवाय मीसुद्धा पैज लावणार नाही. दोन्ही सेंक्रस वंशातली, चुलत भावंडं. तुरा बोटांत धरून बघा. अंजनाचा (सेंक्रस सिलिअरिस) तुरा लांबट, मऊ, बऱ्याचदा जांभळट. दाण्याभोवतीचे केस बारीक, लवचीक आणि जवळजवळ बुडापर्यंत सुटे. धामणीचे (सेंक्रस सेटिजेरस) केस आखूड, चपटे, ताठ. बुडाशी ते जुळून छोटी वाटी झालेली असते. भिंगातून ती वाटी दिसली की वाद मिटला. उंचीवर मात्र जाऊ नका. शेळ्यांनी खुडलेलं अंजन धामणीएवढंच राहतं.

मुरमाड पडीक रान आहे. यातलं काय पेरू? गेल्या वर्षी ताजं बी टाकलं, उगवलंच नाही. (सांगोला)

निचऱ्याच्या हलक्या जमिनीत अंजन चारा जास्त देतं, पण पाणी साचलेलं त्याला सोसत नाही. धामणीचा चारा कमी, चिवटपणा जास्त; २०० मिलिमीटरच्या आसपास पावसातही ती तग धरते. पाऊस दडी मारतो तिथे मी तरी दोन्हींचं मिश्रण टाकेन.

बी उगवलं नाही ते ताजं होतं म्हणूनच. काढणीनंतर काही महिने ते सुप्तावस्थेत असतं. आदल्या हंगामातलं वापरा. हलकं बी वाऱ्यावर जातं, म्हणून ओलसर मातीत मिसळून फोका आणि वर सेंटीमीटरभरच माती येऊ द्या. पहिल्या वर्षी जनावरं सोडू नका. मुळं धरायच्या आत रोप उपटून येतं.

ही गवतं मेंढ्यांच्या लोकरीत रुततात का? (करमाळा)

तो त्रास कुसळीचा, म्हणजे टोकदार कुसं असलेल्या वेगळ्या गवताचा. ती फुलोऱ्याआधीच चारून घ्या.

आमचं मंडळ नान्नजच्या माळावर अंजनाचं बी उधळणार आहे. योग्य ठरेल का? (उत्तर सोलापूर)

नका उधळू. १९७९ साली जाहीर झालेलं ते माळढोक अभयारण्य आहे. काळवीट, लांडगे तिथे राहतात ते पवन्या, कुसळी, मारवेल अशा मिश्र गवतात. अंजन आपल्याकडचंच, मान्य. पण चाऱ्यासाठी ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात नेलेलं हेच गवत तिथे मोकाट पसरलं. अ‍ॅरिझोनात त्याच्यामुळे लागणाऱ्या वणव्यांत सग्वारो निवडुंग होरपळतात. माळ रिकामा दिसतो म्हणून तिथे काही पेरलंच पाहिजे, ही समजूत मला पटत नाही. शिवाय अभयारण्यात वनखात्याला विचारल्याशिवाय काहीच करता येत नाही. बी आणलंच असेल तर ग्रामपंचायतीशी बोलून गावच्या उघड्या पडलेल्या गायरानात टाका, आणि दोन पावसाळे तिथली चराई बंद ठेवा.