करसवलत मानाची, मग निराधार अनुदान लाजेचं कसं?

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी पती वारले. वय 41, मुलं शाळेत. चूल वेगळी आहे, शिलाईतून महिन्याला जेमतेम दीड हजार सुटतात. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करायचा विचार आहे, पण नोकरदार दीर म्हणतात, "आपल्या घराण्यात कुणी सरकारी मदत घेतली नाही. चारचौघांत नाव जाईल." काय करू?

उत्तर : ताई, अर्ज करा, आणि उशीर करू नका.

दिरांच्या म्हणण्याचा हिशेब मांडून बघू. राहत्या घरावर कर्ज असेल आणि ते जुन्या करपद्धतीत असतील, तर वर्षाला 2 लाखांपर्यंतचं व्याज त्यांच्या करपात्र उत्पन्नातून वजा होतं. 30 टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे त्यात, उपकर धरून, 62,400 रुपये वाचतात. तुम्हाला मिळतील महिन्याला 1,500, म्हणजे वर्षाचे 18,000. भार दोन्हींचा सरकारी तिजोरीवरच पडतो. अशा सवलतींपायी किती महसूल सोडून दिला, याचा तक्ता केंद्र सरकार 2006-07 पासून अर्थसंकल्पासोबत छापतं. पण नोकरदाराची सवलत फॉर्म 16 च्या, म्हणजे मालकाकडून मिळणाऱ्या पगार-कराच्या दाखल्याच्या, एका ओळीत गुपचूप मिळते, आणि तुम्हाला तलाठ्यापासून तालुका समितीपर्यंत आपली गरिबी सिद्ध करत फिरावं लागतं. लाज येते ती या फिरण्यातून. एसटीत 17 मार्च 2023 पासून सगळ्याच महिलांना अर्धं तिकीट आहे. कंडक्टर उत्पन्न विचारत नाही, म्हणून शिक्षिका आणि मजूर बाई शेजारी बसून तेच तिकीट घेतात आणि कुणाचंही नाव जात नाही.

आता अर्जाचं. तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेत किंवा सेतू केंद्रात अर्ज मिळतो. सोबत पतीच्या मृत्यूचा दाखला, वयाचा पुरावा, महाराष्ट्रात किमान 15 वर्षं राहत असल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार आणि बँक पासबुक लागतं. उत्पन्नाची मर्यादा कुटुंबाला वर्षाला 21,000 आहे. आजच्या महागाईत ही मर्यादा फारच तोकडी आहे आणि अनेक खऱ्या गरजू बायका तिच्यापायीच बाहेर राहतात. तुमचं उत्पन्न 18,000 च्या आसपास असल्यानं तुम्ही बसता.

अर्ज अडतात ते बहुतेक तीन ठिकाणी. पहिलं, नाव अजून सासऱ्यांच्या रेशनकार्डावर असणं. मग अख्ख्या घराचं उत्पन्न धरलं जाण्याची भीती असते. चूल खरोखर वेगळी आहे, तर आधी पुरवठा शाखेतून कार्ड विभक्त करून घ्या. दुसरं, आधारवर सासरचं नाव आणि पासबुकावर माहेरचं, असा घोळ. तिसरं सगळ्यात फसवं : अनुदान आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातं. पूर्वी कुठे दुसरं खातं उघडून आधार जोडलं असेल, तर पैसे तिथे पडत राहतात आणि आपण या बँकेत हेलपाटे घालतो. बँकेत विचारा, "थेट लाभासाठी माझं आधार कुठल्या खात्याला जोडलंय?"

अर्जाची शिक्क्यानिशी पोच घ्या. मंजुरी तालुका समितीच्या बैठकीत होते, त्यामुळे पुढची बैठक कधी आहे हे शाखेत विचारून ठेवा. एजंटला पैसे देऊ नका. मंजुरीनंतर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो चुकला की अनुदान थांबतं.

प्रश्न : आमचं प्राधान्य कुटुंबाचं केशरी कार्ड आहे. रेशन दुकानदार सगळ्यांसमोर "फुकटवाले नंतर" म्हणतो. मुलगी आता दुकानात जायला तयार नाही.

उत्तर : हे धान्य राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, 2013 नुसार तुमचा हक्क आहे : प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो, अंत्योदयला कार्डामागे 35 किलो. 1 जानेवारी 2023 पासून त्याचे पैसे द्यावे लागत नाहीत. दुकानदार कमिशनवर हेच काम करतो, तेव्हा त्याला उपकाराची भाषा शोभत नाही.

त्याच दुकानात जायची सक्ती नाही. 'एक देश एक रेशनकार्ड'मुळे ई-पॉस यंत्र (अंगठ्यावरून ओळख पटवणारं यंत्र) असलेल्या कुठल्याही रास्त भाव दुकानात कार्डाचा 12 आकडी क्रमांक किंवा आधार क्रमांक देऊन धान्य घेता येतं. कार्डावरच्या सगळ्यांची ई-केवायसी (आधारवरून ओळख-पडताळणी) झालीय ना, ते पाहा. धुणीभांडी किंवा बांधकामाने बोटं झिजली असतील तर अंगठा उमटत नाही. तेव्हा डोळ्यांचं स्कॅन किंवा ओटीपीचा पर्याय मागा. पावती घेतल्याशिवाय वजनकाट्यापासून हलू नका. पावतीवरचे किलो आणि पिशवीतले किलो जुळले पाहिजेत. अपमान किंवा मापात मारणं चालूच राहिलं तर 1967 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि क्रमांक लिहून ठेवा.

प्रश्न : मुलाला चांगली नोकरी लागली. आता रेशनच्या धान्याची गरज नाही, पण पुरावा म्हणून कार्ड हवं आहे.

उत्तर : दोन्ही जमतं. तहसीलच्या पुरवठा शाखेत, मुंबईत असाल तर शिधावाटप कार्यालयात, 'धान्याचा लाभ सोडतो' असा लेखी अर्ज द्या. प्राधान्य कुटुंबाची मर्यादा गावात वर्षाला 44,000 आणि शहरात 59,000 आहे, ती तुम्ही ओलांडलीच असेल. उत्पन्न 1 लाखाच्या वर गेलं असेल तर शुभ्र कार्ड मिळेल. राज्याला सुमारे 7 कोटी लाभार्थ्यांचीच मर्यादा आहे, त्यामुळे तुमची जागा मोकळी झाली की रांगेतल्या एखाद्या घराचा नंबर लागू शकतो. दोन महिन्यांनी दुकानात नोंद तपासा. नाव यादीत तसंच राहिलं असेल तर तुमच्या नावावर दुसराच कुणी धान्य उचलेल.