पाटीवरचं नाव, पॅनवरचं नाव

प्रश्न : सिन्नर तालुक्यात माझं शिवणकामाचं छोटं युनिट आहे, सहा मशीन. व्यवसायाला सासूबाईंचं नाव दिलंय, पुढे 'गारमेंट्स'. शालेय गणवेशाचं टेंडर भरलं, पण तांत्रिक लिफाफ्यातच 'नावात तफावत' असा शेरा मारून बाद केलं. दराचा लिफाफा उघडलाच नाही. ओळखीचे म्हणतात, प्रायव्हेट लिमिटेड काढल्याशिवाय सरकारी काम मिळत नाही. खरं का?
– एक वाचक, नाशिक जिल्हा

उत्तर : ताई, खरं नाही. एकट्या मालकाच्या व्यवसायालाही सरकारी काम मिळतं, आणि व्यापारी नावाने मिळतं. तुम्ही पाठवलेल्या झेरॉक्स मी समोर पसरून बसले. पॅन आणि आधारवर माहेरचं नाव. टेंडरच्या प्रतिज्ञापत्रावर सही सासरच्या नावाने. जीएसटीवर 'गारमेंट्स', उद्यमवर, म्हणजे लघुउद्योगाच्या सरकारी नोंदणीवर, 'गारमेंट'. बँकेच्या खात्यात तर मधला शब्दच गाळलाय. टेबलापलीकडे बसलेल्याला यात दोन बायका आणि तीन दुकानं दिसतात.

मी बावीस वर्षं लेखा विभागात काम केलं. शाळांना बाकं पुरवणाऱ्या एका सुताराचं बिल माझ्याकडे आलं होतं. लेटरहेड दुकानाच्या नावाचं, खातं त्याचं स्वतःचं, बचतीचं. दोन्ही एकच आहेत असं सांगणारा एकही कागद नाही. आक्षेप मीच काढला, नियमाने काढावाच लागला. माल शाळेत पोचलेला, मुलं त्या बाकांवर बसलेली, आणि तो माणूस कापडी पिशवीत कागद घेऊन दर सोमवारी दारात उभा. हे मला आजही टोचतं. म्हणून तुम्हाला जरा सविस्तर लिहिते.

कंपनी तिच्या मालकापासून वेगळी असते. तुमचं 'गारमेंट्स' म्हणजे मात्र तुम्हीच. म्हणून त्याला वेगळं पॅन नसतं, तुमचंच चालतं, आणि बिलातून कापलेला टीडीएसही त्याच पॅनवर जमा होतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३०, नियम १० प्रमाणे तुमच्यावर व्यापारी नावाने दावा लावता येतो. तुम्हाला मात्र थकलेल्या बिलासाठी नुसत्या दुकानाच्या नावाने कोर्टात जाता येत नाही, स्वतःच्याच नावाने जावं लागतं. तेव्हा निविदेपासून करारनाम्यापर्यंत प्रत्येक कागदावर आधी दुकानाचं नाव आणि लगेच पुढे 'प्रोप्रायटर' म्हणून तुमचं नाव लिहा, पॅनवर आहे अगदी तसं.

तुमचं जीएसटी प्रमाणपत्र काढा. त्यात कायदेशीर नाव वेगळ्या रकान्यात, व्यापारी नाव वेगळ्या. दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत हे शासनाने छापून दिलेलं असतं, म्हणून टेंडरमध्ये या कागदाइतका उपयोगी दुसरा कागद नाही. त्यावरचं स्पेलिंग प्रमाण धरा आणि बाकीचं त्याला जुळवून घ्या. उद्यमची दुरुस्ती ऑनलाइन होते, फुकट. एजंटला पैसे देऊ नका.

माहेर-सासरचा घोळ जास्त नाजूक आहे. बायकांचीच टेंडरं यात अडकतात, पुरुषांना हा प्रश्न पडतच नाही. माझं मत विचाराल तर पॅनवरचं माहेरचं नाव राहू द्या आणि सहीही त्याच नावाने करा. सासरचं नाव हवंच असेल तर विवाह प्रमाणपत्र घेऊन आधी आधार आणि पॅन बदला (पॅनचा नंबर तोच राहतो), मग जीएसटी, मग बँक. अर्धवट बदललेल्या अवस्थेत टेंडर भरू नका.

तुम्ही लिहिलंय की अपलोड मिस्टरांनी केलं, त्यांच्या डीएससीवर, म्हणजे डिजिटल सहीवर. तेही बरोबर नाही. डिजिटल सही ही माणसाची असते. मालक तुम्ही आहात, तर टोकन (सही ठेवलेला पेनड्राइव्ह) तुमच्या नावाचं हवं आणि पिनही तुमच्याकडेच हवा.

आणखी एक, उद्यम नोंदणीमुळे नावावर हक्क मिळत नाही. तो हवा असेल तर ट्रेडमार्कचा अर्ज वेगळा करावा लागतो. लहान उद्योगाला ऑनलाइन फी मालाच्या एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे. पण ती घाई आत्ता नको.

सासूबाईंचं नाव बदलायची काहीच गरज नाही. सोमवारी बँकेत जाऊन तो गाळलेला शब्द खात्यात घालून घ्या, आणि नव्या नावाचा कॅन्सल्ड चेक हातात पडल्यावरच पुढचं टेंडर उघडा.