झाडफुलांच्या खेळाची चित्रनोंद

प्रश्न असा आहे: चीनमधल्या 'ता षू-ह्वा' या, वितळलेलं लोखंड भिंतीवर भिरकावून ठिणग्या उडवण्याच्या प्रथेची एका चित्रकाराने रेखाटनं आणि छायाचित्रं केली. या कामाला 'अग्निविधीचं कलात्मक दस्तऐवजीकरण' म्हणावं का?

'दस्तऐवज' फारसीतून आला. दस्त म्हणजे हात. मराठवाड्यात रुमालाला दस्ती म्हणतात, त्यातला. हाताने धरून राहावं असा आधार, म्हणून पुरावा, म्हणून खरेदीखतही दस्तऐवज. भट्टी कशी रचतात, पळी कशाची, कारागीर किती, अशी माहिती संग्रहालयासाठी जमवली असेल, तर दस्तऐवजीकरण हा शब्द अगदी चपखल आहे. चित्रकाराचं काम वेगळं.

हेबेई प्रांतातल्या न्वानछ्वान गावी, चिनी वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेच्या कंदील-उत्सवात, लोहार मेंढीचं कातडं उलटं पांघरून, डोक्यावर गवती टोपी घालून उभे राहतात. भंगाराचं लोखंड वितळवून, पाण्यात मुरवलेल्या लाकडी पळीने ते गार तटभिंतीवर भिरकावतात. आदळताच ठिणग्यांचा झाडासारखा डेरेदार घेर पसरतो आणि पाहता पाहता विझतो. ज्यांना फटाके परवडत नव्हते त्या लोहारांनी हे सुरू केलं, असं तिथे सांगतात.

एवढ्याशा क्षणासाठी मराठीत 'टिपणं' आहे. पाखरू दाणा टिपतं, टीपकागद शाई टिपतो, तसा डोळा हा क्षण टिपतो. नाम हवं तर मी 'चित्रनोंद' सुचवीन. 'कलात्मक' गाळा, चित्रात कला आलीच.

'अग्निविधी' मला पटत नाही. तो ऐकताच मराठी माणसाला होम आठवतो, नाहीतर मंत्राग्नी. इथे आहुती नाही, आगीशी खेळणं आहे. देवीच्या गोंधळात पेटता पोत खेळतात तेव्हा भक्ती काही उणी नसते, म्हणून 'खेळ' म्हणायला संकोच नको.

आता नाव. 'ता' म्हणजे मारणं, 'षू' झाड, 'ह्वा' फूल. (रोमनमध्ये पहिलं अक्षर 'डी' दिसतं, पण उच्चार आपल्या अल्पप्राण 'त'च्या जवळचा, आणि तो 'ष' खराखुरा मूर्धन्य, जो आपण लिहितो पण बोलत नाही.) चिनीत ठिणगी म्हणजे 'ह्वो-ह्वा', आगीचं फूल. शोभेची दारू 'येन-ह्वा', धुराचं फूल. आपल्याकडेही फुंकर घातली की विस्तव फुलतो, आणि दिवाळीत फुलबाजी असतेच. हे फूल मराठीत आणताना कोमेजू नये, म्हणून 'लोहवर्षाव' वगैरे टाळा आणि सरळ लिहा: 'न्वानछ्वानच्या झाडफुलांच्या खेळाची चित्रनोंद'.